पुरलेली विमाने आणि बुडालेली माणसे

कुलाबा किल्ल्यापासून जंजिऱ्यापर्यंतच्या किनाऱ्यावर गुप्तधनाची कथा ठाऊक नाही असे गाव सापडणे कठीण. कुठे आंग्र्यांच्या आरमाराचा खजिना, कुठे सिद्दीच्या मोहरांचे हंडे, तर कुठे पडक्या वाड्याच्या ओटीखाली राखण करीत बसलेला नाग. या कथांचा साचा ठरलेला असतो. धन पुरताना ज्याने पाहिले तो माणूस नेहमीच वारलेला असतो. मरताना त्याने ते कोणा एकालाच सांगितलेले असते. आणि नेमकी जागा दाखविण्याची वेळ आली की जमिनीखालचे दिसणारा एखादा पायाळू शोधून आणावा लागतो. शिकलेली माणसे या गोष्टी ऐकून हसतात. परंतु हाच साचा विमान, इंजिन आणि चुंबकीय सर्वेक्षण अशा भारदस्त शब्दांत अवतरला की सुशिक्षितांचाही विवेक डळमळतो, पंतप्रधानही त्यात लक्ष घालतात आणि वृत्तपत्रांचे मथळे सजतात. ब्रह्मदेशात २०१२-१३ साली याचे प्रत्यंतर आले.

इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातील डेव्हिड कंडॉल या शेतकऱ्याच्या कानांवर १९९६ च्या सुमारास एक वार्ता आली. दुसरे महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश वायुदलाने रंगूनजवळच्या मिंगलाडॉन विमानतळावर कोरी स्पिटफायर विमाने लाकडी पेट्यांत भरून जमिनीत पुरून टाकली, अशी ती वार्ता होती. या गृहस्थांनी पुढील सोळा-सतरा वर्षे आणि पदरचे पुष्कळ धन या एका ध्यासावर खर्च केले. वृद्ध सैनिकांच्या आठवणी त्यांनी गोळा केल्या, ब्रह्मदेशाच्या वाऱ्या केल्या. दरम्यान विमानांची संख्या वाढत चालली. आरंभी वीस होती, ती छत्तीस झाली आणि पुढे शंभरीही ओलांडून गेली. जमिनीखाली विमाने वाढत नसतात. वाढते ती वार्ता. एप्रिल २०१२ मध्ये ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी ब्रह्मदेशाच्या अध्यक्षांकडे हा विषय काढला, ऑक्टोबरात करार झाला, संगणकावरील युद्धखेळ तयार करणाऱ्या ‘वॉरगेमिंग’ कंपनीने खर्चाची हमी घेतली आणि जानेवारी २०१३ मध्ये पथक रंगूनला उतरले. उत्तरेकडील मिचिना येथे एक लाकडी पेटी लागली. तिच्यात कॅमेरा सोडला तेव्हा दिसले ते गढूळ पाणी. मिंगलाडॉनला तेवढेही दिसले नाही. आपल्याकडे डोंगर पोखरून उंदीर काढतात; येथे तोही निघाला नाही. फेब्रुवारीत कंपनीने जाहीर केले की, पेट्यांतील स्पिटफायर तेथे कधी पुरलीच गेली नव्हती. कंडॉल यांनी मात्र आपला दावा सोडला नाही. गुप्तधनाच्या कथेला पुराव्याच्या अभावाने मरण येत नाही, हे कोकणातल्या माणसाला सांगावयास नको.

तथापि त्या शेतकऱ्याची केवळ टवाळी करणे अन्यायाचे होईल. वार्ता खोटी निघाली, पण ती अगदीच अशक्य कोटीतली नव्हती. युद्ध संपले तेव्हा पूर्वेकडील विमानतळांवर हजारो विमाने नको असलेल्या पाहुण्यांसारखी उभी होती. अमेरिकेने उसनवारी करारान्वये दिलेली विमाने एक तर परत करावयाची किंवा निकामी करावयाची, अशी अट होती. कानपूरजवळच्या चकेरी तळावर ब्रिटिशांनी प्रचंड लिबरेटर बाँबफेकी विमाने अशीच मोडतोड करून टाकली आणि ते निघून गेले. स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याच्या तंत्रज्ञांनी त्या उकिरड्यात शिरून, एकाचा पंख तर दुसऱ्याचे इंजिन असे जुळवीत, सुमारे चाळीस विमाने उडण्याजोगी केली. ती दुरुस्त करून बंगलोरला नेण्यात आली. नोव्हेंबर १९४८ मध्ये वायुदलाचे पाचवे पथक या विमानांवर उभे राहिले आणि १९६८ पर्यंत लिबरेटर आपल्या सेवेत होती. जगात आज उरलेल्या थोड्या लिबरेटरांपैकी अनेक भारतातून गेलेली आहेत. खुद्द ब्रिटिश वायुदलाच्या संग्रहालयातील लिबरेटरही भारतीय वायुदलाकडून गेलेले आहे. ज्यांनी मोडली त्यांनाच पुढे ती नमुन्यादाखल मागून घ्यावी लागली, हा नियतीचा विनोद म्हणावयाचा. सांगण्याचा हेतू इतकाच की, सैन्य जाताना विमाने टाकून जाते हे खरे होते. मिंगलाडॉनला तसे घडले काय, एवढाच प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ते फावड्याने दिले नाही. यंत्रानेही पुरतेपणी दिले नाही. ते दिले एका कारकुनी दप्तराने. रंगून बंदरातून वायुदलाचा जो माल ये-जा करीत असे त्याची जबाबदारी ४१ व्या ‘एम्बार्केशन युनिट’कडे होती. त्या पथकाच्या नोंदी पुराभिलेखांत सुरक्षित होत्या. १९४५ आणि १९४६ या दोन वर्षांत तीन जहाजांतून अवघी ३७ विमाने बंदरात आल्याचे त्यांत लिहिले होते. त्यांत पेटीबंद स्पिटफायर एकही नव्हते आणि आलेल्यांपैकी बहुतेक विमाने १९४६ च्या शरदात पुन्हा बाहेर पाठविली गेली होती. उकाड्याच्या आणि पावसाच्या त्या दिवसांत, रंगूनच्या गोदीवर कोणी एक अनामिक लेखनिक रोजच्या रोज आवक-जावक लिहीत बसला होता. आपली वही साठ-पासष्ट वर्षांनी एका आंतरराष्ट्रीय भ्रमाचा निकाल लावील हे त्याच्या स्वप्नातही नसेल. कचेरीतील नोंदवहीला नाके मुरडणाऱ्यांनी या वहीची आठवण ठेवावी. सोळा वर्षांचा ध्यास एका पारड्यात आणि ३७ हा आकडा दुसऱ्या पारड्यात घातला, तर जड झाला तो आकडा. दुर्दैव असे की, दप्तर आधी आणि फावडे नंतर हा क्रम तेथे उलटा झाला.

मधली पायरी यंत्राची. तिच्याविषयी तर रायगड किनाऱ्याने जगाला चार गोष्टी सांगाव्यात असा त्याचा अधिकार आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चालत. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने ही नाजूक उपकरणे भांबावून जातील हे ओळखून १९०४ साली ते काम समुद्रापलीकडे अलिबागला हलविण्यात आले. चुंबकाला बाधा होऊ नये म्हणून तेथील इमारत लोखंड टाळून उभारली गेली. वाऱ्यावादळात, दोन महायुद्धांत, राज्ये बदलली तरी तेथील नोंद चालू राहिली. अलिबागला जाणारे शेकडो पर्यटक या वेधशाळेच्या कुंपणावरून पुढे जातात आणि घोडागाडीत बसून किल्ला पाहून परततात. आत काय चालते याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

जमिनीत वा समुद्रतळाशी दडलेल्या वस्तूंचा शोध घेणारे चुंबकमापक हे याच विद्येचे अपत्य. लोखंडाचा मोठा गोळा जवळ असला की पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र तेवढ्यापुरते किंचित विचलित होते आणि उपकरण ते टिपते. पण उपकरण बोलते त्याहून अधिक त्याच्या तोंडी घालण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. स्पिटफायरचे अंग मुख्यतः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते आणि ॲल्युमिनियमला चुंबक ओळखत नाही. उलट, वापरात असलेल्या विमानतळाखाली विजेच्या तारा, पाण्याचे नळ आणि जुने लोखंड यांचे जाळेच पसरलेले असते. मिंगलाडॉनच्या खोदाईला याच तारा-नळांनी अडविले. ‘येथे काहीतरी आहे’ इतकेच यंत्र सांगते. त्या ‘काहीतरी’चे ‘विमान’ करणारा मनुष्य असतो आणि तेथे तो पायाळूच्या पंक्तीला जाऊन बसतो.

आता या किनाऱ्यासमोरच्या पाण्याकडे वळावे. रेवस, मांडवा, उरण येथून पाहिले तर मुंबई बंदराचा विस्तार दिसतो. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी तेथील व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटले. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. सुमारे १,४०० टन स्फोटके आणि त्याच पोटात कापसाच्या गाठी, असा तो जीवघेणा मिलाफ होता. आवाज पन्नास मैलांवर ऐकू गेला, दूर सिमल्याच्या भूकंपमापकाने धक्का नोंदविला. युद्धकाळ असल्याने बातमी काही आठवडे दाबून ठेवण्यात आली. त्या जहाजावर ३१ पेट्या सोन्याच्या विटा होत्या आणि इंग्लंडहून निघताना त्यावर स्पिटफायर विमानेही चढविलेली होती.

हे शेवटचे वाक्य वाचताच एखाद्याचे डोळे लकाकतील. बंदराच्या गाळात स्पिटफायर! म्हणजे रंगूनला जाण्याचे कारणच नाही. पण येथेही आधी दप्तर उघडावे लागते. ‘फोर्ट स्टिकिन’ मुंबईस येण्यापूर्वी कराचीला थांबले होते. तेथे काही माल उतरला आणि मोकळ्या झालेल्या जागेत कापूस भरला गेला. विमानांचे काय झाले याचा शोध घ्यावयाचा तर तो कराचीच्या आणि मुंबईच्या मालयाद्यांत घ्यावा लागेल, भाऊच्या धक्क्याजवळच्या चिखलात नव्हे. सोन्याची गोष्ट वेगळी. ते खरोखरच आकाशातून पडले. एक वीट मैलभर दूर एका पारशी गृहस्थाच्या घरात कोसळली आणि त्याने ती प्रामाणिकपणे परत केली. पुढे १९७० च्या दशकापर्यंत गोदीतील गाळ उपसताना सोने सापडत राहिले आणि त्याचा हिशेबही राहिला.

माणसांचा हिशेब मात्र तसा राहिला नाही. त्या स्फोटात मेलेल्यांचा आकडा कोणी आठशे सांगतो, कोणी तेराशे. आग विझविताना ६६ अग्निशामक जवान धारातीर्थी पडले. त्यांची नावे ठाऊक आहेत, १४ एप्रिलला देशभर त्यांचे स्मरण होते, आणि ते उचितच आहे. पण उरलेले कोण? जहाजावरचे आणि धक्क्यावरचे हमाल, तांडेल, गोदामातले मुकादम, आसपासच्या वस्तीतील बायकामुले. मुंबईच्या गोदीत कोकणातील माणूस पिढ्यान्‌पिढ्या राबत आला आहे. आठशे आणि तेराशे यांच्यामध्ये जी पाचशे माणसे हेलकावत आहेत त्यांत तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील किती, हे सांगणारी यादी कोणाच्या हाती नाही. ३१ पेट्यांतील सोन्याची मोजदाद नेमकी झाली, आणि माणसांची मोजदाद ‘सुमारे’ या एका शब्दावर भागविण्यात आली.

याच पाण्याची दुसरी आठवण युद्धाची नव्हे. पण या किनाऱ्याला ती अधिक जवळची आहे. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला २९ दिवस उरले असताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली. आषाढ अमावास्या तोंडावर आलेली आणि समुद्र खवळलेला. लाटेचा तडाखा बसताच उतारू एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. किनाऱ्याकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून हाती लागले तितके जीव वाचविले. अलिबाग तालुक्यातील अनेक घरांत आजही या बोटीचे नाव निघाले की म्हातारी माणसे गप्प होतात. बुडालेल्यांचा आकडा येथेही पुस्तकागणिक बदलतो. ज्या वर्षी देशाने आपल्या भाग्याची वही नव्याने उघडली, त्याच वर्षीची ही पाने अर्धवट राहिली आहेत.

शोध कशाचा लागतो आणि कशाचा लागत नाही, याचा एक कठोर नियमच जणू येथे दिसतो. ‘तिलावा’ या जहाजाची कहाणी तो अधिकच उघड करते. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ते मुंबईहून आफ्रिकेकडे निघाले आणि तीन दिवसांनी भर समुद्रात जपानी पाणबुडीने ते बुडविले. २८० माणसे दगावली. पुढे २०१७ साली एका खाजगी कंपनीने सुमारे अडीच किलोमीटर खोल पाण्यातून त्या जहाजावरील चांदीच्या २,३६४ विटा वर काढल्या. चांदी दक्षिण आफ्रिकेची की काढणाऱ्याची, हा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मे २०२४ मध्ये तेथे निकाल लागला. मृतांच्या वारसांना मात्र एकमेकांना शोधून काढून पहिले मोठे स्मरण करावयास २०२२ साल उजाडावे लागले, म्हणजे तब्बल ८० वर्षे. अडीच किलोमीटर खोलीवरची वीट सापडते आणि नावाची चिठ्ठी सापडत नाही, हा दोष विज्ञानाचा नाही.

याउलट घडू शकते, हे अरुणाचल प्रदेशात दिसले आहे. युद्धकाळात आसामातून चीनला रसद नेताना हिमालयावर शेकडो अमेरिकन विमाने कोसळली. त्यांपैकी २५ जानेवारी १९४४ रोजी बेपत्ता झालेले ‘हॉट ॲज हेल’ नावाचे लिबरेटर २००६ साली जंगलात आढळले. त्यात आठ जण होते. अमेरिकेचे पथक तेथे गेले ते विमान नेण्यासाठी नव्हे. त्याच्या हाती आधीपासून आठ नावांची यादी होती आणि मातीतून जे अवशेष निघाले ते एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीहून सन्मानाने मायदेशी पाठविले गेले. विमानाचे तुकडे डोंगरातच राहिले. मोठ्या राष्ट्राला हे परवडते, असे कोणी म्हणेल. जंगल तुडविणे खर्चाचे आहे हे खरे, परंतु यादी ठेवणे खर्चाचे नाही. आणि यादी नसती तर ते पथक निघालेच नसते.

आपल्याकडे या कामात कायद्याचाही एक पेच आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे वस्तू सामान्यतः शंभर वर्षांची झाल्याखेरीज तिला ‘पुरावस्तू’ म्हणत नाहीत. युनेस्कोच्या २००१ सालच्या पाण्याखालील वारशाविषयीच्या करारातही शंभर वर्षांचीच मर्यादा आहे. म्हणजे १९४४ च्या गोदीतील लोखंड २०४४ पर्यंत केवळ भंगार आणि ‘रामदास’चा तुकडा सापडला तर तो २०४७ पर्यंत केवळ अडथळा. मध्यंतरी बंदर काही थांबून राहिलेले नाही. न्हावा-शेवा येथे १९८९ पासून नवे बंदर चालू आहे, शिवडीपासून न्हाव्यापर्यंतचा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, आणि मोठ्या जहाजांसाठी तळाचा गाळ उपसणे हे तर नित्याचेच काम. ही कामे अडवावीत असे कोणताही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. पण गाळ काढण्याआधी तळाची जी पाहणी होते तिच्या नकाशांची एक प्रत अभ्यासकांस मिळावी, लोखंडाचा मोठा ढिगारा आढळला तर त्याचे स्थान नोंदले जावे, एवढी अट घालावयास शंभर वर्षे कशाला हवीत? चुंबकत्वाच्या अभ्यासाची राष्ट्रीय संस्था पनवेललाच आहे, सागरी पुरातत्त्वाचा अनुभव गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेजवळ आहे. जिल्ह्याने विचारावयाचे तेवढे उरले आहे.

आणि हेही दुय्यमच. १९४४ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदी ओलांडून गेले आहे. समुद्रतळावरचे लोखंड आणखी वीस वर्षे वाट पाहील, ही माणसे पाहणार नाहीत. ‘रामदास’वर कोण गेले, गोदीतून कोण परत आले नाही, हे सांगू शकणारे शेवटचे तोंड बंद झाले की उरेल ती रंगूनसारखीच वार्ता, आणि मग आकडे फुगू लागतील.

या कामाला परदेशी कंपनी नको, करार नको आणि पायाळू तर नकोच. ग्रामपंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या मृत्युनोंदी, मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागार, त्या आठवड्यांची मराठी वृत्तपत्रे, आणि घराघरांतील सांगी, एवढ्यांचा मेळ घालावयाचा आहे. जुनी मोडी वा घसट देवनागरी वाचू शकणारा एखादा निवृत्त अव्वल कारकून आणि वही-पेन्सिल घेतलेली नववीची दहा मुले, असे पथक रेवस, मांडवा, पोयनाड, उरण अशा प्रत्येक गावी उभे राहू शकते. नाव, गाव, वय, कोणत्या कामासाठी निघाले होते, कोणी सांगितले, असे पाच रकाने आखले की झाले. सांगणाऱ्याचे नाव लिहिण्याचा पाचवा रकाना विशेष सांभाळावा; कंडॉल यांच्या शोधात नेमका तोच कच्चा राहिला होता. एकच नाव दोन गावांतून आले तर ते खोडू नये, समोर दोन्ही गावे लिहावीत. पावसाळ्यात शाळा चालू असतात. आषाढ अमावास्येपर्यंत एका गावाची यादी पुरी झाली तरी पुढच्या गावाला नमुना मिळेल.